बल्क कूलरमधील वायुगळती : लक्षणे, शोध आणि दुरुस्ती

गावपातळीवर गोळा झालेले दूध जागच्या जागी थंड करून टँकर येईपर्यंत सांभाळणाऱ्या यंत्रास 'बल्क मिल्क कूलर' असे नाव आहे. दूध उत्पादकांच्या तोंडी तो नुसता 'बल्क कूलर'. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) साखरेसाठी जितका ओळखला जातो, तितकाच दुधासाठीही. संगमनेर, कोपरगाव, राहाता, राहुरी या बागायती तालुक्यांत सहकारी दूध संघांचे जाळे विणले गेले. कर्जत, जामखेड, पाथर्डी या अवर्षणप्रवण तालुक्यांत, पिकाचा भरवसा नसताना, गोठ्यातील दोन-चार संकरित गायीच घरखर्च भागवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय याच परिसराची देणगी होय. गायी वाढल्या, दूध वाढले, आणि ते फाटू न देता शहरापर्यंत पोहोचविण्याचा भार बल्क कूलरवर आला. केंद्र सरकारने २००३ मध्ये स्वच्छ दूध उत्पादनासाठी जी योजना आणली, तिच्यात अशा यंत्रांना साहाय्य देण्यात आले होते.

हे यंत्र बंद पडते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तक्रार एकच असते : 'गॅस गेला'. गॅस भरला जातो, यंत्र चालू होते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तीच तक्रार येते. प्रस्तुत लेखात या गळतीची लक्षणे, तिचा शोध आणि योग्य दुरुस्ती यांची माहिती दिली आहे. शहरातील वाचकाच्या घरचा फ्रीज याच तत्त्वावर चालत असल्याने तिचा थोडाफार उपयोग त्यालाही व्हावा.

वेळेचे गणित

गायीच्या कासेतून दूध बाहेर येते तेव्हा त्याचे तापमान ३७-३८ अंश सेल्सिअस असते. ताज्या दुधात जिवाणूंना थोपविणारी नैसर्गिक शक्ती असते, परंतु ३० अंशांच्या आसपास ती जेमतेम दोन तास टिकते. त्यानंतर जिवाणूंची संख्या झपाट्याने, अनुकूल तापमानात दर अर्ध्या तासाला जवळजवळ दुप्पट या वेगाने वाढू लागते. म्हणूनच दूध साधारण तीन तासांच्या आत ४ अंशांवर आणावे, असा दंडक आहे.

हे काम किती मोठे आहे ते आकड्यांत पाहावे. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यासाठी जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे पावणेचारशे किलो बर्फ वितळेल. तीन तासांत ते साधायचे तर यंत्राची क्षमता सव्वातीन टनांहून अधिक हवी. यातील 'टन' हे वजन नसून शीतकरणाचे माप आहे, हे वातानुकूलन यंत्र विकत घेणाऱ्यांना ठाऊक असतेच. वायूचे प्रमाण घटले की ही क्षमता घटते आणि तीन तासांचे पाच, पाचाचे सात होतात.

येथे एक बारकावा आहे. सात तासांनी का होईना, दूध ४ अंशांवर आले तर ते डोळ्यांना चांगलेच दिसते. उकळून पाहिले तरी फुटत नाही. नुकसान झालेले असते ते आत. संथ गतीने थंड झालेल्या दुधात थंडीतही वाढणारे जिवाणू बळावतात आणि त्यांनी सोडलेली काही विकरे पाश्चरीकरणाच्या उष्णतेतूनही बचावतात. डेअरीतील मिथिलीन ब्लू चाचणीत निळा रंग लवकर उडाला की जिवाणूंची संख्या कळते, दर कापला जातो किंवा दूध परत येते. ही चाचणी निभावून गेलेले दूध पिशवीतून पुण्या-मुंबईत पोहोचते आणि दोन दिवसांनी चहात त्याची चव उतरते. दोष मग दुधवाल्याच्या माथी येतो.

गॅस 'संपत' नाही

बल्क कूलरची रचना समजण्यास अवघड नाही. कॉम्प्रेसर शीतक वायू दाबून गरम करतो. पंख्याच्या हवेने कंडेन्सरमध्ये तो थंड होऊन द्रव बनतो. हा द्रव फिल्टर ड्रायरमधून, पुढे काचेच्या छोट्या निरीक्षण खिडकीतून ('साइट ग्लास') एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत येतो. तेथे दाब एकदम उतरतो आणि टाकीच्या तळाशी वेल्डिंगने जोडलेल्या पोकळ पोलादी पत्र्यांत तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो वरच्या दुधातून शोषून घेतो व वायुरूपात पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. जुन्या यंत्रांत हा शीतक बहुधा आर-२२ असतो, त्यानंतरच्या यंत्रांत आर-४०४ए.

हे चक्र पूर्णपणे बंद आहे. मोटारीत पेट्रोल जळते तसा यात काहीही जळत नाही. शीतक 'जुना' होत नाही की झिजत नाही. यंत्र निर्दोष असेल तर वीस वर्षांपूर्वी भरलेला वायू आजही तेवढाच असला पाहिजे. तो कमी झाला याचा अर्थ कोठे तरी भोक आहे, एवढाच. 'दर उन्हाळ्यात थोडा गॅस टाकावा लागतो' हे वाक्य दूध संकलन केंद्रांवर इतक्या सहजपणे बोलले जाते, की तो देखभालीचाच भाग आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः ती गळतीची कबुली असते.

गळती की दुसरेच काही?

दूध उशिरा थंड होते म्हणजे गॅसच गेला, असे नाही. घाईने गॅस भरून चांगले यंत्र बिघडविल्याची उदाहरणे कमी नाहीत. अहिल्यानगरच्या कोरड्या पट्ट्यात पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. धूळ, वैरणीचा भुसा आणि ऊसपट्ट्यात पाचट जाळल्यावर उडणारी काजळी त्याच्या पापुद्र्यांत बसते, हवा खेळत नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी कॉम्प्रेसरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूचा दाब वाढलेला असतो. गळतीत तो उलट घटतो, आणि आत येणाऱ्या बाजूचाही घटतो. दोन दाबमापके लावली की हा फरक मिनिटभरात उघड होतो. विजेचा कमी दाब, दूध ढवळणारा पंखा बंद असणे, तापमापकाचा संवेदक जागेवरून सरकलेला असणे, ही कारणेही आधी बाद करावीत.

फसवे साम्य आहे ते तुंबलेल्या फिल्टर ड्रायरचे. वायू कमी असला की निरीक्षण खिडकीत बुडबुडे दिसतात, हे प्रत्येक कारागिराला शिकविलेले असते. पण ड्रायर तुंबला तरीही बुडबुडेच दिसतात. त्यासाठी ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. बाहेरचे टोक आतल्यापेक्षा स्पष्टपणे गार लागले, तर दोष ड्रायरचा आहे.

खऱ्या गळतीत पुढील चिन्हे एकत्र येतात : कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही, परतीची नळी नेहमीसारखी गार लागत नाही, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशीच तेवढे दव वा बर्फ धरते आणि शेवटी कमी दाबाचा स्विच यंत्र वारंवार बंद पाडू लागतो. काही जण वैतागून हा स्विच तारेने जोडून निष्प्रभ करतात. बंदिस्त कॉम्प्रेसरची मोटार परतणाऱ्या थंड वायूनेच गार राहते. तो वायूच कमी पडला की मोटार तापते, तेलही नीट परतत नाही आणि काही हजारांची दुरुस्ती नव्या कॉम्प्रेसरवर जाते.

आणखी एक गैरसमज. यंत्र बंद असताना दाबमापक नेहमीचाच दाब दाखवितो, म्हणून गॅस पुरेसा आहे, असे सांगितले जाते. आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत स्थिर यंत्राचा दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-२२ साठी तो ० अंशाला सुमारे ५८ पौंड (दर चौरस इंचास), तर ४५ अंशांना सुमारे २३६ पौंड असतो. घरातील स्वयंपाकाच्या सिलिंडरचे उदाहरण घ्यावे : तो अर्धा झाला तरी ज्योत कमी होत नाही. निम्मा शीतक निघून गेला तरी बंद यंत्राच्या दाबावरून ते कळणार नाही.

यापेक्षा भरवशाचे साधन प्रत्येक केंद्रात विनामूल्य उपलब्ध आहे, ते म्हणजे वही. रोज किती लिटर दूध आले आणि ते ४ अंशांवर यायला किती वेळ लागला, एवढ्या दोनच नोंदी ठेवाव्यात. दूध तेवढेच आणि हवाही तशीच असताना वेळ आठवड्यागणिक वाढू लागला, तर यंत्र बंद पडण्याच्या कितीतरी आधी गळतीची चाहूल लागते.

शोध कोठून सुरू करावा

शीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही नळ्यांतून फिरत असते. वायू निसटतो तेव्हा तेल तेथेच राहते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून कोणतेही उपकरण काढण्यापूर्वी विजेरी घेऊन यंत्राभोवती फिरावे आणि तेलकट काळा डाग शोधावा. अनेकदा शोध येथेच संपतो. मात्र दुरुस्तीपूर्वी कोणी यंत्र 'स्वच्छ' पुसून ठेवले असेल, तर हा पुरावा नष्ट होतो.

संशयित जागा ठरलेल्या आहेत. पितळी फ्लेअर नट, दाबमापकांकडे व स्विचकडे जाणाऱ्या बारीक नळ्या, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताच कंप पावणारी नळी, पट्टीत घासून झिजलेले तांबे, कंडेन्सरची वाकणे. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे गॅस भरण्याच्या तोंडातील छोटी पिन. तिच्यावरील टोपी हरवलेली असते आणि मागील वेळी गॅस भरणाऱ्यानेच ती परत बसविलेली नसते. गळती दुरुस्त करायला आलेल्याने मागे ठेवलेली ही दुसरी गळती!

कंप, गंज आणि जवळपास नसलेला कारागीर ही तीन संकटे जगभर अशा यंत्रांच्या मागे लागलेली आहेत. महासागरात जाणाऱ्या शिडाच्या नौकेवरील शीतपेटीचे दुखणेही नेमके हेच असते. तेथे खारी हवा तांबे व पितळ खाते, लाटा सांधे सैल करतात आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर थोड्याशा गळतीनेही अखंड चालून वीज संपवितो. जामखेडच्या माळावर खारी हवा नाही. पण गोठ्याची हवा आहे, आणि ती पितळाला तितकीच घातक ठरू शकते.

याला एक जुना इतिहास आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि काही महिन्यांत त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी धातूत राहिलेला ताण यांमुळे हे घडते, असे १९२१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. ऋतूनुसार उद्भवणारा म्हणून या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले होते. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, पान्याने नको तितक्या आवळलेल्या पितळी नटाला हाच रोग जडू शकतो. केसासारखी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गळती दिसली की नट आणखी आवळणे हा आपला सहज उपाय तिला अधिकच रुंद करतो.

डागाने माग लागला नाही, तर साबणाचा फेस. भांड्याचा द्रव साबण थोड्या पाण्यात घट्टसर कालवून ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावावा आणि घाई न करता पाहावे. मोठी गळती लगेच फुगे काढते, बारीक गळतीला काही मिनिटे लागतात. कमी दाबाच्या बाजूची तपासणी यंत्र बंद करून करावी, कारण यंत्र चालू असताना त्या बाजूचा दाब कमी असल्याने गळती लपते. जास्त दाबाची बाजू मात्र यंत्र चालवून, ते थांबविल्यावर ताबडतोब तपासावी.

जुन्या कारागिरांकडे हॅलाइड दिवा असे. गळतीजवळ त्याची ज्योत हिरवी होई. हा रंग शीतकातील क्लोरीनमुळे येतो. आर-२२ मध्ये क्लोरीन आहे, आर-४०४ए किंवा आर-१३४ए मध्ये नाही. नव्या यंत्रावर हा दिवा फिरवून 'गळती नाही' असा निर्वाळा देणारा स्वतःची व मालकाची फसवणूक करतो. इलेक्ट्रॉनिक शोधक वर्षाला काही ग्रॅम इतकी सूक्ष्म गळतीही हुडकतो. मात्र पंखा बंद, खिडकीतून वारा नाही, अशी स्थिती हवी. हे शीतक हवेपेक्षा जड असल्याने शोधकाचे टोक सांध्याच्या खालच्या अंगाने फिरवावे.

एवढ्यावरही काही सापडले नाही तर वायू काढून घेऊन यंत्रात कोरडा नायट्रोजन भरतात, तोही नेहमी रेग्युलेटर लावून आणि यंत्राच्या पाटीवर नोंदलेल्या मर्यादेतच. नायट्रोजन आणावयास वेळ लागतो म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरण्याचा मोह प्राणघातक आहे. दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. साधी दाबलेली हवाही वापरू नये. दाब रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहताना तापमानाची नोंद हवी. दोनशे पौंडांवर ठेवलेला दाब, तापमान २० अंशांनी उतरल्यास गळती नसतानाही सुमारे १४ पौंडांनी खाली येतो. नगरच्या हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत एवढा फरक पडू शकतो.

सर्व सांधे निर्दोष निघाले आणि तरीही दाब उतरला, तर गळती टाकीच्या तळाच्या पत्र्यांत, 'पफ'च्या आवरणाआड आहे असे समजावे. ही सर्वांत वाईट बातमी. तेथील दुरुस्ती जागेवर क्वचितच टिकते. टाकी उत्पादकाकडे पाठविणे किंवा बदलणे, हाच शहाणा मार्ग होय.

दुरुस्तीचा क्रम

गळतीची जागा सापडली की शीतक हवेत न सोडता रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. ज्योत लावण्यापूर्वी यंत्रात व खोलीत वायू राहिलेला नाही याची खात्री करावी, कारण हे शीतक ज्योतीत विघटन पावून अत्यंत विषारी वायू तयार करतात. त्याच कारणाने गळती चालू असलेल्या बंद खोलीत विडी ओढणेही धोक्याचे. ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजनची मंद धार सोडावी, अन्यथा आत काळी खपली धरते आणि पुढे तीच व्हॉल्व्हमध्ये अडकते. यंत्र उघडले की फिल्टर ड्रायर बदलायचाच. पुन्हा दाबाची चाचणी आणि मग व्हॅक्यूम.

व्हॅक्यूमवर सर्वाधिक काटकसर होते. अनेक ठिकाणी यंत्राचा स्वतःचा कॉम्प्रेसर चालवून किंवा थोडा गॅस सोडून 'हवा काढली' असे म्हटले जाते. त्याने आतील ओलावा निघत नाही. हा ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठून मार्ग अडवितो आणि तेलात मिसळून आम्ल तयार करतो. हे आम्ल मोटारीचे वेष्टन खाते. दुहेरी टप्प्याचा व्हॅक्यूम पंप लावून दाब ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवावा, पंप बंद करून तो वर चढत नाही हे पाहावे. त्यानंतर शीतक काट्यावर वजन करून, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या मापानेच भरावा. आर-४०४ए हे तीन द्रव्यांचे मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावे लागते.

केंद्रचालकाला हे सर्व स्वतः करता येणार नाही, तशी अपेक्षाही नाही. परंतु दारात आलेल्या कारागिराच्या गाडीत नायट्रोजनचा सिलिंडर, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे की नाही, हे त्याला पाहता येते. फक्त गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देखभालीच्या वार्षिक करारात गॅसचे पैसे वेगळे आणि गळतीचा शोध मात्र अनुल्लेखित, असा मसुदा असेल तर तो बदलून घ्यावा.

टाकीत दूध असतानाच वायू गेल्याचे ध्यानी आले तर पहिले काम दुधाचे. ते जवळच्या शीतकरण केंद्राकडे ताबडतोब हलवावे. टँकरला वेळ असेल तर बर्फाच्या लाद्या कॅनच्या भोवती रचाव्यात. बर्फ थेट दुधात टाकणे म्हणजे भेसळ, आणि बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे.

एका किलोची किंमत

गळतीचा हिशेब केंद्राच्या वहीत संपत नाही. ओझोन थराचे रक्षण करण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. जुन्या फ्रीजमधील आर-१२ आणि त्याच्या गटातील द्रव्यांचे उत्पादन देशात २००८ मध्ये, औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद वगळता, थांबले. आर-२२ ज्या गटात मोडतो, तो २०३० पर्यंत जवळजवळ संपुष्टात येणार असून नव्या यंत्रांच्या निर्मितीत त्याचा वापर २०२४ अखेर बंद झाला. त्याची जागा घेणारा आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत त्याचा वाटा प्रचंड आहे. हवेत सुटलेला एक किलो आर-४०४ए हा सुमारे ३.९ टन कार्बन डायॉक्साइडइतका परिणाम करतो. साडेचौदाशे लिटर डिझेल जाळल्यावर जवळपास तेवढा कार्बन डायॉक्साइड निघतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ मध्ये या गटाच्या वापरावर मर्यादा येईल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. आज वर्षाआड गॅस भरणाऱ्यांना तेव्हा तो मिळणे दुर्घट व महाग होईल, हे उघड आहे.

मोठ्या डेअरींत प्रश्न वेगळा असतो. तेथे शीतक म्हणून अमोनिया वापरतात. तो ओझोनला वा हवामानाला अपाय करत नाही आणि गळती झाल्यास उग्र वासाने स्वतःच वर्दी देतो. गंधकाची कांडी पेटवून सांध्याजवळ नेली की पांढरा धूर होतो, ही त्याची पारंपरिक परीक्षा. पण तो श्वासमार्ग व डोळे भाजतो. मोठ्या गळतीत ओले फडके तोंडावर धरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बाहेर पडावे आणि आत परतण्याचे काम श्वसनसाधने असलेल्या प्रशिक्षित माणसांवर सोपवावे.

राहिला घरचा फ्रीज. खाली पाणी साचले की 'लीकेज' म्हणून घाबरण्याचे कारण नसते. बहुधा आतील पाणी वाहून नेणारे मागचे छिद्र तुंबलेले असते आणि कोमट पाण्याने ते मोकळे होते. शीतक वायू पाण्याच्या रूपाने कधीच गळत नाही. वायू गेल्याची खूण निराळी : मोटार सतत चालू आणि बर्फ एखाद्याच कोपऱ्यात. अशा वेळी फ्रीजच्या मागची पाटी वाचावी. तीवर आर-६००ए लिहिले असेल तर आत आयसोब्युटेन, म्हणजे ज्वालाग्राही वायू आहे. त्याचे प्रमाण काही दशक ग्रॅमच असले, तरी वायू पूर्णपणे काढल्यावाचून त्या नळीजवळ ज्योत आणू देऊ नये. बर्फ खरवडण्यासाठी फ्रीजरमध्ये सुरी चालविणे मात्र आजच थांबवावे. घरगुती फ्रीजमधील गळतीची कित्येक भोके त्या सुरीनेच पडलेली असतात.